बिनकामाचे चालणे

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना शब्द देऊन वाक्य करायला लावणे हा आमचा रोजचा पाठ असतो. पाचवीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर 'सैर' हा शब्द लिहिला. एका मुलीने वाक्य केले, 'हम अब्बा के साथ दवाखाने की सैर को गए.' तिच्या शेजारणीने लिहिले, 'नानी के इंतेकाल पर हम हिंगोली की सैर को गए.' वर्गात कोणी हसले नाही. व्याकरण बिनचूक होते. अर्थाचे म्हणाल, तर त्या मुली जिथे जिथे गेल्या होत्या, त्यातलेच त्यांनी लिहिले होते. दवाखाना, मय्यत, शादी, उर्स. घराबाहेर पाऊल टाकायला लागणारी ही चार कारणे. पाचवे कारण त्यांना कोणी दाखवलेच नव्हते.

आमचे गाव पिंगळी. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनवरचे. चहूकडे काळी सपाट जमीन, तिच्यात कापूस, सोयाबीन, तूर. डोंगर नाही, जंगल नाही. चालणे मात्र भरपूर. माझ्या सासूबाई, ज्यांना मी अम्मी म्हणते, जन्मभर चालत आल्या आहेत. पहाटे कापूस वेचायला दुसऱ्याच्या शेतात, उन्हाळ्यात पाण्याला, फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हक साहेबांच्या उर्साला. पण त्या चालण्यात कधी डोक्यावर ओझे असे, कधी मनात मन्नत. हात हलवत, इकडेतिकडे बघत, कुठे पोहोचायची घाई नसताना चालणे त्यांना ठाऊक नव्हते. बाईमाणसाने असे चालले तर गाव विचारते, 'कुठं निघालात?' आणि 'कुठंच नाही' हे उत्तर आपल्याकडे चालत नाही.

मुलींचे चालणे तर वयाच्या बाराव्या वर्षी थांबते. तोवर त्या गल्लीभर पळतात, चिंचा पाडतात, भावाच्या सायकलीवर डबलसीट बसतात. मग एके दिवशी 'अब बडी हो गई' हे वाक्य घरात उच्चारले जाते आणि पायांचा परीघ अंगणाएवढा होतो. आमच्यासारख्या गावांतून उर्दू शाळा बहुधा सातवीपर्यंतच असते. आठवीला तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे लागते. मुलींना एसटीचा पास सरकार मोफत देते, म्हणून पैशाची अडचण नसते. अडचण असते ती घरापासून स्टँडपर्यंतच्या आणि स्टँडपासून शाळेपर्यंतच्या पायवाटेची. तेवढ्या वाटेसाठी किती हुशार मुली घरी बसल्या, ते माझ्या हजेरीपुस्तकांना विचारा. आणि माझी थोरली तेव्हा पाचवीत होती. तिचे मोठे अब्बा, म्हणजे आमचे भाईजान, एकदोनदा बोलून चुकले होते, 'सातवी हो जाए, फिर देखेंगे.' 'देखेंगे'चा अर्थ आमच्या घरात सर्वांना कळतो.

अशा काळात आम्ही जंगलात चालायला गेलो.

२०२४ च्या ऑक्टोबरात मालाडच्या मालवणीत नात्यातली शादी होती. माझी नणंद तिथेच राहते. पिंगळीला एक्स्प्रेस थांबत नाही, म्हणून परभणीहून देवगिरी एक्स्प्रेस धरली आणि सकाळी दादरला उतरलो. नणंदेने आधीच फोनवर सांगून ठेवले होते, 'शादी शनिवारी. रविवारी सगळ्यांनी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पायी फिरायचं. मुलांना समुद्र नेहमीच दाखवता, या वेळी जंगल दाखवू.' अम्मींनी विचारले, 'जंगल में क्या है? लकड्या लाने के हैं क्या?' प्रश्न खोचक नव्हता, सरळ होता. जंगलात माणूस सरपणाला जातो, एवढाच त्यांचा अनुभव.

त्यांना राजी केले ते वेगळ्या कारणाने. अम्मींचा उमऱ्याचा इरादा होता. मशिदीतल्या तरबियतीत त्यांनी ऐकले होते की सफा आणि मरवा यांच्यामधल्या सई'च्या सात फेऱ्या मिळून सवातीन किलोमीटरच्या आसपास चालणे होते. गुडघे साथ देतील की नाही, ही धास्ती त्यांना होती. नणंद म्हणाली, 'अम्मी, प्रॅक्टिस समझो.' कारण मिळाले आणि चालण्याला परवानगी मिळाली. आपल्या घरांत हे असेच असते.

आता थोडे या उद्यानाविषयी, कारण आपल्यापैकी पुष्कळांनी त्याचे नाव ऐकलेले असते, पण ते फक्त झोपाळे-घसरगुंड्यांची बाग आहे असे वाटत असते. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा. ताडोबा, गुगामल, पेंच, नवेगाव, चांदोली आणि बोरिवलीचे संजय गांधी उद्यान. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातले एकही आलेले नाही. ताडोबा १९५५ सालचे, राज्यातले सर्वांत जुने. पण वाघाच्या मुलखात जिप्सीत बसून फिरायचे असते, जमिनीला पाय लावायचा नसतो. शिवाय तो खर्च शिक्षकाच्या कुटुंबाला झेपणारा नाही. बोरिवलीचे तसे नाही. लोकलमधून उतरून थोडे चालले की फाटक येते. तिकीट काढायचे आणि नेमून दिलेल्या रस्त्यांवर पायी फिरायचे. क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर. पोटात दोन तलाव, १८६० साली पुरा झालेला विहार आणि १८७९ चा तुळशी. या दोन्हींचे पाणी आजही मुंबईच्या नळांना जाते. म्हणजे हे जंगल मुंबईच्या पाण्याची राखण करते आहे. पाण्याची किंमत आम्हा मराठवाड्याच्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते आम्ही विसरलेलो नाही.

रविवारी आम्ही अकरा जण निघालो. पाच बायका, दोन पुरुष, चार मुले. फजरची नमाज झाल्यावर कोणी परत झोपले नाही, एवढाच काय तो बदल. फजरला उठणाऱ्या घराला अशी सहल मुळीच जड नाही. जंगल सकाळीच पाहावे म्हणतात आणि आपण तर तेव्हा जागेच असतो. डब्यात रोट्या, आलूची सुकी भाजी, उकडलेली अंडी. नणंदेने दोन अटी घातल्या होत्या. चपला नको, पट्ट्याच्या सँडल किंवा बूट. आणि प्लास्टिकच्या पिशव्या नको, डबे परत घरी आणायचे. अम्मींनी नातवाचे कॅनव्हासचे बूट घातले. त्यांच्या चौसष्ट वर्षांच्या आयुष्यातले ते पहिले बूट. सगळ्यांना हसू आले. नंतर दिवसभर त्या बुटांचे गुण त्यांनीच गायले.

कुटुंबाला घेऊन जाणाऱ्यांसाठी नणंदेची युक्ती सांगून ठेवते, चढ बसने आणि उतार पायाने. फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर रस्ता आहे. वर जायला बस मिळते. वर लेण्यांतून निवांत फिरायचे आणि ताजेतवाने होऊन उतरणीला लागायचे. म्हातारी माणसे आणि लहान मुले दोघेही थकत नाहीत. सोमवारी मात्र जाऊ नये, उद्यान बंद असते.

कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत, सगळी एकाच डोंगरात कोरलेली. इसवी सनाच्या आगेमागे काम सुरू झाले आणि पुढे हजारएक वर्षे चालत राहिले. कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, यावरून कान्हेरी हे नाव पडले. मुलांचे अब्बू शेतीतले. त्यांनी दगडावर हात फिरवला आणि म्हणाले, 'हा तर आपलाच दगड.' खरेच होते. हाच काळा बेसाल्ट झिजून झिजून आमची कापसाची काळी माती झाली आहे. घरापासून एवढ्या लांब आलो आणि आपल्याच शेताच्या आजोबांना भेटलो, असे वाटले.

तिथे अम्मी सर्वांत जास्त रमल्या त्या मूर्तींपाशी नाही, पाण्यापाशी. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी दगडात खोदलेले टाके आहे. कातळावर पडणारे पावसाचे पाणी वाया जाऊ नये म्हणून बारीक पन्हळी कोरून ते टाक्यात सोडलेले आहे. अम्मी एका पन्हळीच्या मागे मागे वाकून चालत गेल्या, थेट टाक्यापर्यंत. 'बनानेवाले को प्यास मालूम थी,' त्या म्हणाल्या. ज्या भिक्खूंनी ही टाकी केली, ते एरवी पायी फिरत आणि पावसाळ्यात एका जागी राहत. चालणाऱ्या माणसांचीच ती वस्ती होती.

एका लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये लेणी पाहायला आलेल्या पारशी मंडळींनी तिथे आपली नावे कोरून ठेवली. उर्दू शिकवणाऱ्या मला याचे कौतुक वाटणारच. पहलवी ही फारसीची आजी आणि फारसीचे कितीतरी शब्द आमच्या उर्दूत रोज नांदतात. हजार वर्षांपूर्वी काही माणसे इथे ना दवाखान्यासाठी आली, ना मय्यतीसाठी. पाहायला आली. 'सैर' या शब्दाचे याहून चांगले वाक्य मला वर्गात देता आले नसते. नावे कोरण्याची प्रथा मात्र त्यांच्याबरोबरच संपलेली बरी, हेही मी मुलांना तिथेच सांगितले.

उतरणीला लागलो आणि मुलांनी ओरडा केला. रस्त्याकडेच्या उतारावर जांभळट निळी फुलेच फुले होती. ती कारवी. बहर ओसरत आला होता, तरी पुष्कळ शिल्लक होती. कारवी सात वर्षे नुसती हिरवी राहते आणि आठव्या वर्षी सगळी एकदम फुलते. मग बी धरते आणि वाळून जाते. वाळलेली बोंडे तडतड फुटतात, बी उडते, पावसाबरोबर पुन्हा नवी रोपे. मुंबईच्या या जंगलात २००८, २०१६ आणि २०२४ ही कारवीची वर्षे. कोकणातल्या आणि वारल्यांच्या घरांच्या भिंती कारवीच्या काठ्यांना माती लिंपून होत, म्हणजे झाड दिसायला नाजूक, पण घर उभे करणारे.

थोरलीने फुलांची ही गोष्ट ऐकून बोटांवर हिशेब केला. 'मम्मी, म्हणजे पुढच्या वेळी दोन हजार बत्तीस. मी अठरा वर्षांची असेन.' ती हे सहज बोलली. आम्ही मोठी माणसे गप्प झालो. अठराव्या वर्षी ती कुठे असेल, कॉलेजात की कोणाच्या घरात, हे त्या क्षणी आम्हा चौघापाच जणांच्या मनात एकाच वेळी येऊन गेले असावे. भाईजान आमच्यासोबतच होते. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि पुढे चालू लागले.

उतरणीवर एक गुजराती बायकांचा घोळका भेटला. साठीच्या पुढच्या, हातात काठ्या, डोक्यावर टोप्या. दर रविवारी येतात म्हणे. माझ्या जावेचा बुरखा काट्यात अडकला तेव्हा त्यांच्यातल्या एकीने तो अलगद सोडवला, आपल्या पर्समधली सेफ्टी पिन काढून घोट्याच्या वर टोचून दिला. 'अब चलो, बहन.' मग खाखरा दिला, आमच्याकडची अंडी मात्र घेतली नाहीत. आम्ही दोन्ही घोळके मैलभर सोबत चाललो. कोणी कोणाला कुठले, कोण, काय विचारले नाही. पायांचे दुखणे आणि सुनांच्या तक्रारी, दोन्ही विषय सगळ्यांना सारखेच येत होते.

बिबट्याचा विषय निघालाच. २०१८ साली कॅमेरे लावून केलेल्या पाहणीत या उद्यानात आणि लगतच्या भागात ४७ बिबटे आढळले होते. भाईजानांनी विचारले, 'मग बायकापोरांना इथे आणणे शहाणपणाचे आहे?' रास्त प्रश्न होता. २००४ साली या जंगलाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली होती. तेव्हा बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडणे हाच उपाय समजला जाई. पुढे अभ्यासातून दिसले की पकडून हलवल्याने त्रास कमी होत नाही. कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीत येतो. २०११ पासून वनखाते, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून ही गोष्ट वस्त्यावस्त्यांतून समजावून सांगितली. कचरा उचला, अंधारात लहान मुलाला एकटे बाहेर पाठवू नका, वाटेवर दिवा ठेवा, बोलत चाला. म्हणजे माणसांना जंगलाच्या कडेला राहू नका असे सांगितले नाही, कसे राहावे ते सांगितले.

हे ऐकताना मला वर्गातल्या मुली आठवत होत्या. वाटेत धोका असतो हे मी नाकारत नाही, मी स्वतः त्या वाटेने रोज नोकरीला जाते. पण धोका आहे म्हणून चालणाऱ्याला घरात बसवणे हा एक उपाय आणि वाट उजेडाची करणे हा दुसरा. जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना दुसरा उपाय करता आला. आपल्या गावांना एका एसटी स्टँडपर्यंतच्या वाटेसाठी तो का जमू नये?

आणि आपल्या समाजाला हे चालणे परके आहे, असेही नाही. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली हे १८९६ साली मुंबईच्या मुस्लिम कुटुंबात जन्मले. १९३१ च्या सुमारास त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आमचे परभणी तेव्हा त्याच संस्थानात होते. त्या रानोमाळ भटकंतीत त्यांच्या पत्नी तहमीना सोबत असत. तंबूत राहणे, पहाटे निघणे, मैलोगणती चालणे. आमच्या आजीपणजीच्या काळातली ही मुस्लिम बाई. तिचे नाव आमच्या मुलींना कोणी सांगितलेले नसते. इब्न बतूता मात्र पाठ असतो, आणि तो असावाही. तो दौलताबादेपर्यंत येऊन गेला. पण सैर करणारा नेहमी दाढीवालाच असतो असे मुलींना वाटत राहिले, तर दोष त्यांचा नाही. आणि ज्या सई'साठी जगभरचे हाजी त्या दोन टेकड्यांमध्ये चालतात, ती मुळात हजरत हाजरा यांची धाव आहे. तान्ह्या बाळासाठी पाणी शोधणारी एकटी आई. तिच्या पावलांवर पाऊल ठेवल्याशिवाय पुरुषांचाही हज पुरा होत नाही.

आम्ही जोहरच्या आधी फाटकाशी पोहोचलो. अम्मी पूर्ण वाट चालल्या. मध्ये तीनदा बसल्या, एकदा पळसाखाली पाच मिनिटे डोळे मिटून पडल्या. बाकावर बसून त्यांनी बूट काढले, पाय चोळले आणि मला विचारले, 'कित्ते किलोमीटर हुए?' मी म्हटले, 'सहाच्या वर.' त्यांनी मनात भागाकार केला. 'मतलब दो सई हो गए,' त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, 'और सर पे कुछ बी नै था.'

त्या वाक्याचा अर्थ पोहोचायला मला परभणीपर्यंतचा प्रवास लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्या डोक्यावर काही न घेता एवढ्या लांब चालल्या होत्या.

गावी आल्यावर अम्मींनी चालणे सोडले नाही. फजरनंतर त्या, मी आणि दोन्ही मुले शिवारातल्या पांदीने निघतो. पिंगळीला डोंगर नाही आणि कारवीही नाही. पण बांधावर बाभळी आहेत, हिवाळ्यात तुरीची पिवळी फुले आहेत, तारेवर नीलकंठ बसतो. गावाने सुरुवातीला विचारले, 'कुठं निघालात?' अम्मी सांगत, 'उमरे की तैयारी.' ते सर्वांना पटले. मग आणखी दोन घरच्या बायका येऊ लागल्या, त्यांनी आपापली कारणे शोधली. एकीला शुगर आहे, एकीला डॉक्टरांनी सांगितले आहे. कारण लागतेच अजून. पण मुली मागे मागे येतात आणि त्यांना कारण कोणी विचारत नाही, हेही काही कमी नाही.

थोरलीच्या आठवीचा प्रश्न सुटलेला नाही. भाईजानांचे मत अजून 'देखेंगे'वरच आहे आणि मी वडीलमाणसाशी वाद घालत नाही, मुलीची गुणपत्रिका त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवते. मध्यंतरी एका रात्री जेवताना पुन्हा विषय निघाला. स्टँड लांब, सकाळचा अंधार, सोबत कोण जाणार. अम्मी भाकरी मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'मैं जातूं उसके संगात. इत्ता तो मैं रोज चलतूं.' भाईजान काही बोलले नाहीत. पण 'देखेंगे'सुद्धा म्हणाले नाहीत.

नातवाचे कॅनव्हासचे बूट अम्मींनी परत दिलेले नाहीत. ते दाराशी, थोरलीच्या शाळेच्या बुटांशेजारी असतात.